स्क्रूची जाडी कशी ठरवायची? कोकणातल्या एका पडवीचा हिशोब

हार्डवेअरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून गिऱ्हाइकांचं बोलणं ऐका. "चार इंची स्क्रूचा डबा द्या." "तीन इंची आहेत का?" लांबी सगळे सांगतात, जाडी क्वचित कोणी सांगतं. मग दुकानदार हाताशी असेल तो डबा देतो आणि तोच स्क्रू रिपेला, वाशाला, तुळईला सगळीकडे लागतो. कपाटाच्या कामात हे खपून जातं. डोक्यावरचं छप्पर धरणाऱ्या लाकडात खपत नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. त्यानंतर त्या भागात पाहिलेली एक पडवी मला अजून आठवते. खांब सरळ उभे, तुळई जागेवर, वासेही जागेवर. पत्रा मात्र रिपांसकट उचलला जाऊन मागच्या वाडीत पडला होता. वाशांवरून हात फिरवला तर स्क्रूची मोडलेली टोकं लाकडात घट्ट बसलेली होती. लाकडाने स्क्रू सोडला नव्हता, स्क्रूच मोडला होता. जिप्समच्या फळ्या ठोकायला असतात ते काळे स्क्रू होते. लांबी तीन इंच, म्हणजे कामाला पुरेशी. जाडी जेमतेम ४ मिमी, आणि आट्यांच्या आतला गाभा त्याहूनही बारीक.

कोकणात कौलं उतरवून पत्रा चढवण्याचं काम आता गावोगाव चालतं. म्हणून पडवीचंच उदाहरण घेऊन हा हिशोब मांडतो. घरापुढे ८ फूट रुंद आणि २४ फूट लांब पडवी आहे. दर ८ फुटांवर ४ बाय ४ इंचांचे खांब, त्यांवर ४ इंच रुंद आणि ६ इंच उंच तुळई. तुळईवर दर दोन फुटांनी २ इंच रुंद, ४ इंच उंच वासे, आणि ते तुळईच्या बाहेर एक फूट आलेले. वाशांवर दीड इंच जाडीच्या, दोन इंच रुंद रिपा आणि त्यांवर पत्रा. तुमचं काम माळ्याचं असो, मांडवाचं असो किंवा गोठ्याचं, पायऱ्या याच राहतात.

## मापांच्या तीन भाषा

बाजारात स्क्रूची जाडी तीन प्रकारे सांगितली जाते आणि गोंधळ इथूनच सुरू होतो.

जुनी भाषा गेजची. ६ नंबर, ८ नंबर, १० नंबर. नंबर वाढला की जाडी वाढते (तारेच्या गेजमध्ये उलटं असतं, म्हणून तारकाम करणारे इथे हमखास चुकतात). ६ नंबर म्हणजे ३.५ मिमी, ८ म्हणजे ४.२, १० म्हणजे ४.८, १२ म्हणजे ५.५ आणि १४ म्हणजे ६.१ मिमी. नंबराला ०.०१३ ने गुणून त्यात ०.०६ मिळवलं की जाडी इंचात येते. वर २५.४ ने गुणा, मिमी मिळतील.

दुसरी भाषा सरळ मिमीची. डब्यावर ६ बाय १६० लिहिलेलं असेल तर पहिला आकडा जाडी, दुसरा लांबी. नव्या प्रकारच्या बांधकामी स्क्रूंमध्ये ही जाडी आट्यांच्या बाहेरच्या कडेवर मोजलेली असते. आतला गाभा बराच बारीक असतो, ६ मिमीच्या स्क्रूचा ४ मिमीच्या आसपास आणि ८ मिमीच्या स्क्रूचा सव्वापाच मिमीच्या आसपास.

तिसरी भाषा सुताची, आणि ती आपल्या सुतारांची. एका इंचाचे आठ सूत. दोन सुती म्हणजे पाव इंच, तीन सुती म्हणजे ९.५ मिमी, चार सुती म्हणजे अर्धा इंच. पान्याने फिरवायचे षट्कोनी डोक्याचे जाड स्क्रू, ज्यांना दुकानात कोच स्क्रू किंवा लॅग स्क्रू म्हणतात, ते बहुधा सुतात मागितले जातात. त्यांची जाडी आटे नसलेल्या दांड्यावर मोजतात. तीन सुती कोच स्क्रूचा आट्यांखालचा गाभा पावणेसात मिमीच्या आसपास भरतो.

म्हणून दुकानात जाताना व्हर्नियर कॅलिपर (जाडी मोजायचं सरकतं माप) खिशात ठेवा. स्वस्तातला चालेल. आट्यांची बाहेरची जाडी आणि आतला गाभा, दोन्ही मोजा. डब्यावरचा आकडा आणि हातातला स्क्रू यांत अर्ध्या मिमीचा फरक मला अनेकदा सापडला आहे.

## जाडी वाढली की नेमकं काय वाढतं

हे एकदा नीट समजलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं.

लाकडातून स्क्रू सरळ उपटायला लागणारी ताकद जाडीच्या प्रमाणात वाढते. जाडी दुप्पट केली की पकड दुप्पट. लाकडात शिरलेल्या आट्यांची लांबी दुप्पट केली तरीही पकड दुप्पटच. म्हणजे उपटण्याविरुद्ध लांबी आणि जाडी सारख्याच कामाच्या आहेत. लाकडाची घनता मात्र वर्गाने काम करते. पाइनऐवजी साग घेतला तर तोच स्क्रू दीडपटीहून जास्त धरतो.

स्क्रू तुटायला लागणारी ताकद गाभ्याच्या जाडीच्या वर्गाने वाढते आणि तो वाकायला लागणारी ताकद घनाने. ६ मिमीऐवजी ८ मिमी घेतला तर उपटण्याची ताकद सव्वापटीपेक्षा थोडी जास्त होते, तुटण्याची पावणेदोनपट आणि वाकण्याची जवळपास सव्वादोनपट. म्हणून जिथे दोन लाकडं एकमेकांवरून सरकायला बघतात तिथे जाडीला पर्याय नाही. जिथे फक्त वर उपटण्याची ओढ आहे तिथे जाडी बेताची ठेवून लांबी किंवा संख्या वाढवणं जास्त शहाणपणाचं. ६ मिमीचे दोन स्क्रू ८ मिमीच्या एका स्क्रूपेक्षा दीडपट धरतात, आणि एक सैल पडला तरी दुसरा असतो.

वाकण्याबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. के. डब्ल्यू. जोहानसेन या डॅनिश अभियंत्याने १९४९ साली लाकडी सांध्यांचा सिद्धांत मांडला आणि आजची युरोपीय गणितं त्यावरच उभी आहेत. त्याचा गाभा असा की चांगला सांधा तुटण्याआधी वाकतो. स्क्रू लाकडात थोडा वाकतो, लाकूड थोडं दबतं, करकर आवाज येतो, फट दिसते, माणसाला कळतं. जिप्समचा काळा स्क्रू कडक पण ठिसूळ असतो. तो वाकत नाही, एकदम मोडतो. त्याची जाडी वाढवूनही हा दोष जात नाही. तो वजन धरणाऱ्या लाकडात घालूच नका.

मग सगळीकडे १० मिमीचे स्क्रू का घालू नयेत? कारण स्क्रू ही पाचरच असते. ती लाकडाचे धागे बाजूला सारत आत जाते. धाग्यांना सरकायला जागा नसेल तर लाकूड उभं तडकतं, आणि तडकलेल्या लाकडात कितीही जाड स्क्रू असला तरी तो फक्त भोकात उभा असतो.

## पहिली पायरी: लाकूड मोजा, मग जाडीची वरची हद्द ठरवा

बहुतेक लोक आधी स्क्रू घेतात आणि मग लाकडात बसवायला जातात. मी उलट करतो. लाकडाची रुंदी जाडीची वरची हद्द ठरवते.

स्क्रू लाकडाच्या कडेपासून त्याच्या जाडीच्या निदान चौपट आत हवा. आधी भोक पाडणार असाल तर तिप्पटही चालतं. लाकडाच्या टोकापासून (जिथे ते कापलेलं आहे तिथून) बारापट आत, भोक पाडून सातपट. एकाच धाग्याच्या रेषेत दोन स्क्रूंमध्ये दहापट अंतर, भोक पाडून पाच ते सातपट. आणि शक्यतो एका ओळीत न घालता नागमोडी घालावेत, म्हणजे एकच धागा दोनदा फाटत नाही.

आता आपला वासा घ्या. रुंदी २ इंच म्हणजे ५० मिमी. वरून मधोमध स्क्रू घातला तर दोन्ही कडांना २५ मिमी उरतात. ६ मिमीच्या स्क्रूला हे चौपटीहून थोडं जास्त, म्हणजे निर्धास्त. ८ मिमीला तिपटीहून जेमतेम जास्त, म्हणजे भोक पाडल्याशिवाय नाही. १० मिमीला अडीचपट, म्हणजे नाहीच. रंधा मारल्यावर वासा ४५ मिमीचा उरला असेल तर ८ मिमीही बाद. ठेकेदार म्हणेल, "जाड मारू, मजबूत होईल." त्याला टेप लावून दाखवा.

झाडाची जातही इथेच बघायची. साग घनमीटरला साधारण ६५० किलो, धागा बऱ्यापैकी सरळ, स्क्रूशी समजुतीने वागणारा. फणस त्याच आसपास. ऐन आणि साल ही झाडं ८०० किलोच्या वर. त्यांत भोक न पाडता ६ मिमीचा स्क्रू घातला तर एकतर डोकं तुटेल किंवा लाकूड. आयात केलेला पाइन ५०० च्या आसपास. स्क्रू लोण्यासारखा जातो आणि पकडही त्याच मानाने कमी देतो. शिवणही हलकी. आंब्याच्या फळ्या स्वस्त मिळतात म्हणून छपराला वापरू नका. कीड लागते, आणि कीड लागलेल्या लाकडात जाडीचा सगळा हिशोब फुकट.

## दुसरी पायरी: ओढ कुठल्या दिशेने आणि किती

कौलारू छपराला वरून खाली दाबणारं वजन मोठं असतं. चौरस मीटरला कौलांचंच ३५ ते ४० किलो भरतं. असं छप्पर स्वतःच्या वजनानेच बसलेलं असतं आणि कौलांच्या फटींतून वाराही निघून जातो. पत्रा चौरस मीटरला जेमतेम ५ किलो, आणि फट नाही. कौलं गेली की स्क्रूचं काम पालटतं. तो आता छप्पर खाली धरून ठेवतो. जुन्या वाशांना जुने तिरके खिळे तसेच ठेवून वर पत्रा मारणारे नेमकं हेच विसरतात.

वाऱ्याचा आकडा काढू. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी १५८ किलोमीटरचा झोत. गोव्यासाठी ३९ मीटर. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब चौरस मीटरला न्यूटनमध्ये येतो. ४४ साठी हा सुमारे ११६० न्यूटन होतो, म्हणजे चौरस मीटरला ११८ किलोची ओढ. पडवी तीन बाजूंनी उघडी असते. वारा आत शिरून खालून ढकलतो आणि वरून जाताना ओढतो. प्रत्यक्ष गणितात जागेप्रमाणे आणखी गुणक येतात, पण घरच्या कामाला "चौरस मीटरला ११८ किलो वरच्या दिशेने" हा आकडा डोक्यात ठेवला तरी पुष्कळ चुका टळतात.

आपल्या तुळईवर एका वाशाच्या वाट्याला किती येतं? पडवीची निम्मी रुंदी ४ फूट, बाहेरचा १ फूट, असे ५ फूट. गुणिले दोन वाशांमधलं २ फूट अंतर. १० चौरस फूट, म्हणजे ०.९३ चौरस मीटर. ओढ सुमारे ११० किलो. प्रत्येक वासा तुळईवरून इतक्या जोराने वर उचलला जाणार.

## तिसरी पायरी: सांध्यागणिक जाडी

### वासा आणि तुळई

वासा १०० मिमी उंच. तो ओलांडून तुळईत निदान ६० मिमी जायचं, म्हणून लांबी १६० मिमी. टोक सोडून ५५ मिमी आटे कामाला येतील. अमेरिकी लाकूड-संहितेत उपटण्याची सुरक्षित ताकद काढायचं सूत्र असं आहे: २८५० गुणिले विशिष्ट गुरुत्वाचा वर्ग गुणिले जाडी इंचात. उत्तर इंचभर आट्यांमागे पौंडांत येतं, आणि त्यात जवळपास पाचपट राखीव ताकद आधीच धरलेली असते. सागाचं विशिष्ट गुरुत्व ०.५५ धरलं तर ६ मिमीचा स्क्रू दर मिमीला ३.६ किलो धरतो. ५५ मिमीला २०० किलो. आपल्याला ११० हवेत. उत्तम. पाइनमध्ये (०.४२ धरून) हाच स्क्रू ११६ किलो धरतो, म्हणजे काठावर. पाइनची तुळई असेल तर लांबी १८० करा. जाडी ८ करण्यापेक्षा हे बरं, कारण वाशाची रुंदी ८ मिमीला भोक पाडल्याशिवाय जागा देत नाही.

पण आटे उपटले नाहीत तरी डोकं वाशात रुतून आरपार जाऊ शकतं. म्हणून इथे चकतीसारख्या रुंद डोक्याचा स्क्रू घ्या किंवा डोक्याखाली जाड वॉशर घाला. लाकडात बुडून बसणाऱ्या, शंकूसारख्या डोक्याचा स्क्रू इथे नको.

### रीप आणि वासा

रिपा अडीच फुटांवर असतील तर प्रत्येक छेदावर ५ चौरस फुटांची ओढ येते, म्हणजे ५५ किलो. ५ मिमी जाड, ८० मिमी लांब स्क्रू. रीप ३८ मिमी, खाली ४० मिमी आटे. सागात १२० किलो, पाइनमध्ये ७० किलो. पुरे. वारा छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना मधल्या भागापेक्षा बराच जास्त ओढतो. म्हणून शेवटच्या दोन रिपांना आणि चारी कोपऱ्यांना प्रत्येक छेदावर दोन-दोन स्क्रू घाला, तिरक्या रेषेत.

पत्रा रिपेला धरणारे स्क्रू वेगळे. लाकडासाठीच्या रुंद आट्यांचे घ्या, रबरी वॉशरवाले. लोखंडी पर्लिनसाठी (रिपेच्या जागी असणाऱ्या लोखंडी आडव्यांसाठी) बनवलेल्यांचे आटे बारीक असतात आणि लाकडात पकड कमी देतात.

### तुळई आणि खांब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तुळई खांबाच्या डोक्यावर ठेवतात आणि वरून एक लांब, जाड स्क्रू थेट खांबात घालतात. दिसायला भक्कम. पण खांबाचं डोकं म्हणजे कापलेले धागे. तिथे स्क्रू धाग्यांना समांतर जातो, आटे धाग्यांना आडवे पकडत नाहीत, आणि लाकूड वाळलं की पकड आणखी ढिली होते. उपटण्याच्या ओढीसाठी कापलेल्या टोकातला स्क्रू मोजायचाच नाही. तो १२ मिमीचा असला तरी नाही.

आणि ओढ किती आहे बघा. दोन खांबांमध्ये ८ फूट, रुंदीचे ५ फूट, म्हणजे ४० चौरस फूट. मधल्या प्रत्येक खांबावर सुमारे ४४० किलोची वर ओढ.

उपाय असा की ओढीची दिशा बदलून टाकायची. ५ मिमी जाडीच्या लोखंडी पट्ट्या खांबाच्या दोन बाजूंना उभ्या लावा, वर तुळईलाही त्याच धरतील अशा. त्यांतून १० मिमीचे आरपार बोल्ट टाका, दोन खांबात, दोन तुळईत. आता वारा बोल्टला उपटत नाही, आडवा कापायला बघतो, आणि आडव्या ताकदीत जाडी पूर्ण उपयोगी पडते. ४ इंची खांब म्हणजे १०० मिमी. मधोमध बोल्टला दोन्ही बाजूंना ५० मिमी, म्हणजे पाचपट. खांबाच्या डोक्यापासून पहिला बोल्ट ७० मिमी खाली, त्याच्या वर नाही. आरपार बोल्ट टाकता येत नसेल, मागे भिंत असेल, तर तीन सुती कोच स्क्रू, ३ इंच लांब, पट्टीच्या प्रत्येक बाजूला दोन. समोरासमोरच्या बाजूंचे मात्र वर-खाली सरकवून घाला, नाहीतर ते खांबाच्या पोटात एकमेकांना भिडतील.

खाली दाबणारं वजन मात्र स्क्रूवर किंवा बोल्टवर कधीच टाकू नका. तुळई खांबावर टेकलेली हवी. आपल्या जुन्या सुतारांनी खाचा पाडून लाकडावर लाकूड टेकवलं आणि शंभर वर्षं घरं उभी ठेवली. ती पद्धत सोडू नका.

घराच्या बाजूला वासे टेकवायला जी आडवी तुळई भिंतीला लावतात, तिचा जांभ्याशी जोड हा लाकडी स्क्रूचा विषय नव्हे. प्लास्टिकच्या गुट्ट्यात स्क्रू घालून ती लावू नका. भिंतीतून आरपार बोल्ट टाका, आतून मोठी चकती लावून.

## भोक: जाडीइतकंच महत्त्वाचं

भोक पाडणं म्हणजे पकड कमी करणं, असा समज आहे. खरं तर योग्य मापाच्या भोकाने पकड वाढते, कारण लाकूड न फाटता आट्यांभोवती घट्ट राहतं. भोक गाभ्याच्या मापाने ठरवायचं. हलक्या लाकडात गाभ्यापेक्षा थोडं लहान, जड लाकडात गाभ्याइतकं किंवा किंचित मोठं.

६ मिमीच्या स्क्रूला सागात साडेतीन मिमीचा ड्रिल बिट, ऐनात ४ चा. ८ मिमीच्या स्क्रूला पाइनमध्ये ५, जड लाकडात ६ पर्यंत. ५ मिमीच्या स्क्रूला रिपेच्या टोकाजवळ ३ मिमीचं भोक पाडाच. पाइन असला तरी.

कोच स्क्रूला दोन मापांची भोकं लागतात. आटे नसलेल्या दांड्यासाठी दांड्याइतकं, आटे असलेल्या भागासाठी लहान. तीन सुतीला सागात साडेसहा मिमी, साल-ऐनात ७ ते साडेसात, पाइनमध्ये साडेपाच. बिटवर चिकटपट्टीची खूण करून खोली मोजा. हातातलं गिरमिट असेल तरी चालेल, फक्त सरळ धरा.

दोन लाकडं जोडताना वरच्या लाकडात आटे पकडता कामा नयेत. पकडले तर स्क्रू कितीही आवळा, दोन लाकडांमधली फट तशीच राहते. अर्ध्या आट्यांचा स्क्रू घ्या, नाहीतर वरच्या लाकडातलं भोक स्क्रूच्या बाहेरच्या जाडीइतकं पाडा.

## गंज जाडी खातो

समुद्राच्या वाऱ्यात ६ मिमीचा साधा लोखंडी स्क्रू काही वर्षांत डोक्याखाली पेन्सिलीच्या शिशासारखा बारीक झालेला मी काढला आहे. पिवळ्या चमकीच्या स्क्रूवर जस्ताचा थर काही मायक्रॉनचाच असतो. तो घाटावर कोरड्या घरात ठीक. कोकणात बाहेरच्या कामाला गरम जस्तात बुडवलेले कोच स्क्रू आणि बोल्ट घ्या, किंवा स्टेनलेस. स्टेनलेसमध्ये ३०४ पेक्षा ३१६ खाऱ्या हवेत जास्त टिकतो, कारण त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. घरातून समुद्र दिसत असेल तर ३१६ घ्या, पैसे वाचवू नका.

ऐन आणि खैरासारख्या लाकडांत टॅनिन भरपूर. (ऐनाची साल कातडं कमावायला वापरतात ती त्यासाठीच.) लोखंड आणि ओल मिळाली की त्यांत काळे डाग पडतात आणि स्क्रूही लवकर खाल्ला जातो. तांबंयुक्त औषधाने प्रक्रिया केलेलं लाकूडही जस्ताच्या पातळ थराला खातं. दोन्ही ठिकाणी स्टेनलेस.

स्टेनलेसची एक खोड आहे. तो कडक केलेल्या पोलादापेक्षा मऊ असतो आणि सागात फिरवताना मानेत तुटतो. म्हणून आधी त्याच जाडीचा साधा पोलादी स्क्रू घालून काढा, आटे पाडून घ्या, मग स्टेनलेसचा घाला. टोकाला मेण लावा. मेणबत्ती पुरते. साबण लावायची जुनी सवय आहे, पण साबण ओल धरतो.

## फिरवताना

स्क्रू हातोडीने अर्धा ठोकायचा आणि मग दोन फेरे देऊन आवळायचा, ही घाई फार ठिकाणी दिसते. ठोकल्याने आट्यांच्या वाटेतले सगळे धागे तुटतात आणि उरतो तो महागडा खिळा. कोच स्क्रूही पान्यानेच फिरवायचा, पहिल्या फेऱ्यापासून.

जाडी ६ च्या वर गेली की साध्या फुलीच्या खाचेचा स्क्रू घेऊ नका. बिट सटकते आणि खाच खराब होते. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स खाचेचे घ्या. बहुधा ६ मिमीला टी ३० आणि ८ मिमीला टी ४० बिट बसते. इम्पॅक्ट ड्रायव्हरने शेवटचे दोन फेरे हळू द्या. डोकं लाकडाला टेकलं की थांबा. त्यापुढे आवळलं की आतले आटे लाकूड खरवडून टाकतात, आणि स्क्रू गोल फिरू लागला तर त्या भोकाचा उपयोग संपला. मग एकतर शेजारी नवं भोक पाडा, किंवा जुनं भोक जड लाकडाच्या खुंटीने सरस लावून बुजवा आणि वाळल्यावर परत पाडा. जागा असेल तरच जाडी एक माप वाढवा. कडेचं अंतर पुन्हा मोजून.

## झोपाळा

पडवी झाली की झोपाळा येतोच, म्हणून त्याचं वेगळं लिहितो. दोन मोठी माणसं म्हणजे १५० किलो. झोका ४५ अंशांपर्यंत गेला तर खालून जाताना कड्यांवर दीडपटीहून जास्त, म्हणजे २४० किलोच्या आसपास ओढ येते. आणि ती दिवसाला शेकडो वेळा येते-जाते. आटे असलेली कडी खालून तुळईत फिरवून बसवली तर पहिल्या दिवशी ती हे वजन सहज पेलेल. पण प्रत्येक झोक्याला कडी पुढे-मागे हलते आणि भोकाचं तोंड मोठं करत जाते. इथे कितीही जाड स्क्रू-कडी नको. १२ मिमीच्या दांड्याची, वरून नट बसणारी कडी घ्या. तुळईच्या मधोमध आरपार भोक पाडा, वर हाताच्या तळव्याएवढी चौकोनी लोखंडी चकती घाला आणि त्यावर दोन नट एकावर एक आवळा. मुलं बसणार आहेत, म्हणून इतकं स्पष्ट लिहितो आहे.

## पहिल्या पावसाळ्यानंतर

नवं लाकूड कितीही वाळलेलं म्हणून घेतलं तरी कोकणात पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. आकसलं की बोल्टचे नट सैल होतात, डोक्याखाली फट पडते. पडवी बांधल्यावर पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये शिडी लावून प्रत्येक नट पान्याने आवळा. स्क्रू हाताने आवळा, मशीनने नाही. तुळईवर जिथे वासा बसतो तिथे दोन स्क्रू रुंदीच्या दोन टोकांना घातले असतील तर मधोमध उभी चीर आली आहे का ते बघा. लाकूड आकसताना दोन्ही स्क्रूंनी ते दोन्हीकडून अडवून धरलेलं असतं आणि ते मधूनच फाटतं. चीर दिसली तर त्यातला एक स्क्रू काढून जवळ, नागमोडी जागी घाला. कामाच्या वेळी उरलेले ६ बाय १६० चे दहा-बारा स्क्रू आणि त्याच मापाची बिट एका डब्यात घालून, डब्यावर माप लिहून माळ्यावर ठेवा. पुढच्या वेळी शिडीवर चढाल तेव्हा तोच डबा लागेल.